साडेतीन इंचांची पुली

पुण्याहून सोलापूरला जाणारा माणूस सहसा हौसेने जात नाही. कुणाचे लग्न असते, कुणाची कोर्टाची तारीख असते, नाहीतर तुळजापूर-अक्कलकोटच्या वाटेवर सोलापूर आपले मध्येच लागते. मी गेलो तो वहिनींचा फोन आला म्हणून. ‘पोरगं माग पळवायला निघालंय. तुमचं ऐकतं. येऊन जरा समजावा,’ एवढेच त्या म्हणाल्या. आमच्या घरात तेलुगू आणि मराठी ताण्याबाण्यासारख्या विणलेल्या आहेत. पण वहिनी मराठीत बोलू लागल्या, की प्रकरण गंभीर आहे असे खुशाल समजावे.

तेव्हा वाचकहो, मी समजूत घालायला निघालो होतो, हे आधीच सांगून ठेवतो. प्रत्यक्षात काय केले ते पुढे येईलच.

गाडी दौंड सोडते आणि झाडे विरळ होऊ लागतात. भिगवणच्या आसपास उजनीचे पाणी खिडकीशी येते, आणि क्षणभर वाटते की आपण भलत्याच गाडीत बसलो. मग पुन्हा काळी रानं, पेरणी नुकतीच आटोपलेली, आणि आभाळ असे मोकळे, की त्याला कुठे टेकायला जागा नाही. कुर्डूवाडीला चहा, मोहोळला आवराआवर आणि सोलापूरला घाम, असा हा प्रवासाचा क्रम आहे. आश्विन सरत आला तरी सोलापूरचे ऊन सरत नाही.

या गावाशी माझे नाते कापडाचे आहे. आजोबा तेलंगणातून हातमाग घेऊन आले. वडील ‘जुन्या गिरणी’त लागले. १८७७ साली उभी राहिलेली ही गिरणी म्हणजे सोलापुरातल्या गिरण्यांची थोरली बहीण. १९४९ च्या ऑगस्टमध्ये ती बंद पडली. हजारो घरांच्या चुली त्या एका धुराड्यावर अवलंबून होत्या, म्हणून १९५० च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार आपल्या हाती घेतला. एका भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात निकाल लागला तो सरकारच्या बाजूने. कायद्याची पोरे अजून तो खटला पाठ करतात. वडिलांना मात्र त्यातले एवढेच ठाऊक होते, की भोंगा थांबला आणि पुन्हा वाजला. त्यांनी ठरवून टाकले, की एक मुलगा तरी भोंग्याशिवाय जगला पाहिजे. तो मुलगा मी. पुण्याच्या एका शाळेत मी तीस वर्षे गणित शिकवले. थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या अन्नांनी, पुढे पूर्व भागात घरामागे यंत्रमाग टाकले. अन्ना गेल्या वर्षी गेले. आता चार माग टॉवेलचे, दोन चादरीचे, डोक्यावर बँकेचे कर्ज आणि या सगळ्यावर चोवीस वर्षांचा माझा पुतण्या.

पूर्व भागात शिरताना पत्ता विचारावा लागत नाही, कान विचारतो. खटक-खटक, खटक-खटक असा आवाज गल्लीच्या दोन्ही अंगांनी येत असतो. नवख्याला तो गोंगाट वाटतो, आम्हाला त्याच्यावाचून झोप येत नाही. रात्री वीज गेली आणि माग थांबले की गल्लीतली तान्ही पोरे जागी होऊन रडू लागतात, असे आई सांगायची.

कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही असे जेवण झाल्यावर पुतण्याने मला मागच्या खोलीत नेले आणि सरळ मुद्द्यालाच हात घातला.

“काका, तुम्ही गणिताचे मास्तर. हे बघा आणि चुकतंय का सांगा. मोटार ९६० फेरे फिरतीय. मोटारीवरची पुली ३ इंची. मागावरची २० इंची. माग किती फिरणार?”

असे गणित मी वर्गात किती वेळा घातले असेल, त्याची गणती नाही. लहान चाक, मोठे चाक, मध्ये पट्टा. लहान चाकाचे इतके फेरे, तर मोठ्याचे किती? पण आयुष्यात कुणी खऱ्या चाकाजवळ उभे करून मला ते विचारले नव्हते. मला उगीचच भरून आले.

“९६० गुणिले ३, भागिले २०. एकशे चव्वेचाळीस,” मी म्हणालो.

“पट्टा थोडा घसरतोय. घड्याळ लावून मोजले तर १४० भरतात. म्हणजे मिनिटाला १४० वेळा धोटा जातो. आता मोटारीवर साडेतीन इंची पुली घातली तर?”

“एकशे अडुसष्ट. तुझी घसर वजा केली तर १६३.”

“तेच मी म्हणायलोय! मोटार तीच, माग तेच, माणसं तीच. एक अर्धा इंच लोखंड, आणि शंभराला सोळा टॉवेल जादा!”

त्याने हिशेबाची वही पुढे केली. एका व्यापाऱ्याची २,२५० टॉवेलांची मागणी होती आणि हातात बारा दिवस. इंचाला ४० पिके, म्हणजे आडवे ४० धागे. आठ तासांच्या पाळीत तारा तुटणे, कांडी बदलणे यांत ९६ मिनिटे जातात, उरली ३८४. तेवढ्यात एका मागावर ११२ फूट कापड निघते. टॉवेल ५ फुटांचा. चार माग, दोन पाळ्या, बारा दिवस, एकूण २,१५०. नेमके शंभर कमी. साडेतीन इंची पुली बसवली तर वही म्हणत होती, अडीच हजार! मागणी पुरी होऊन एक दिवस हाताशी राहत होता. हप्ताही वेळेवर गेला असता.

मी ती वही दोनदा तपासली. एकही चूक नव्हती. आणि मला समजूत घालायला बोलावले आहे, हे साफ विसरून मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, “शाबास! पूर्ण मार्क!”

दारात वहिनी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरून आत गेल्या, एवढेच.

संध्याकाळी जॉबरमामा आले. हे गृहस्थ वयाने माझ्याहून मोठे. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. यांनी गिरणीतली ती जुनी व्यवस्था पाहिली आहे, जेव्हा प्रत्येक मागाला मोटार नव्हती. खात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत छताखालून लांबच लांब दांडा फिरायचा, त्यावर ड्रम, आणि प्रत्येक ड्रमावरून खाली मागापर्यंत चामड्याचा पट्टा. सगळे माग एकाच दांड्याचे नोकर. एकट्या मागाचा वेग बदलायचा तर त्याची पुली बदलावी लागे, आणि ती बदलण्याचा हुकूम वरून यायचा. “आता ज्याच्या त्याच्या घरी मोटार आलीय,” मामा म्हणाले, “म्हणून ज्याच्या त्याच्या डोक्यातपण वारं आलंय.”

पुतण्या हट्टाला पेटला. मामा हसले. शेवटी ठरले की शर्यत लावायची. तीन नंबरच्या मागावर साडेतीन इंची पुली, चार नंबरच्यावर जुनी ३ इंची. दोन्हींवर एकाच सुताचे, एकाच खळीचे बीम. सकाळी ८ ते दुपारी ४. पंच म्हणून मी. हरणाऱ्याने सगळ्यांना हुरडा खिलवायचा, आणि हुरड्याला अजून दोन-तीन महिने अवकाश असल्यामुळे ही पैज दोघांनाही परवडणारी होती.

रात्री पुली बदलायचे काम चालले असता मी आपला शहाण्यासारखा विचारून गेलो, “चादरीच्या मागाचा वरचा तो जेकार्डपण असाच जलद करता येईल ना? त्याची साखळीची चाकं बदलून?”

मामांनी हातातला पाना खाली ठेवला. चादरीच्या मागावर माणूसभर उंचीवर जेकार्ड बसवलेला असतो. भोकांच्या पुठ्ठ्यांवरून कोणती तार उचलायची आणि कोणती नाही हे तो ठरवतो. सोलापुरी चादरीवरचे मोर आणि वेलबुट्ट्या त्याच्यातून उतरतात. खालच्या दांड्यावरून साखळी वर जाते ती त्याला फिरवायला.

“मास्तर, हे बघा,” मामा म्हणाले. “खाली २० दात, वर ४०. खालचा दांडा दोनदा फिरला की वरचं एकदा. दोन धोटे, एक फेरा. बरोबर? आता मी वर ४० च्या जागी ३९ दाताचं चाक घातलं. काय होईल?”

मी वहीच्या कोपऱ्यात मांडले. खालचा दांडा ४० फेरे फिरला, तर वरचा २० फिरायला हवा. ३९ दातांवर तो साडेवीस फिरतो. म्हणजे ४० धोट्यांत नक्षी एका धोट्याने पुढे. तारा उघडायच्या त्या वेळी मिटणार, आणि धोटा मिटलेल्या तारांत घुसणार.

“शेकडो तारा एका फटक्यात तुटतील,” मामा म्हणाले. “एक दात चुकला तर! म्हणून तिथं पट्टा चालत नाही. पट्ट्याला घसरायची मुभा आहे. वेग थोडा कमी झाला, थोडा जास्त झाला, काय बिघडत नाही. पण दोघांनी एकमेकांच्या वेळेला हजर राहायचं असेल, तिथं साखळीच पाहिजे नाहीतर दातेरी चाक. तिथं घसर माफ नाही.”

तीस वर्षे मी पट्टा आणि साखळी एकाच प्रकरणात शिकवत आलो होतो, कारण दोन्हींचे सूत्र एकच आहे. त्यांच्यात हा फरक आहे, हे मला माझ्या सत्तरीत कळले.

दुसऱ्या दिवशी ८ वाजता माग सुरू झाले. पहिला तास तीन नंबरचा! त्याचा आवाज निराळाच होता, टांग्याच्या घोड्याला शर्यतीचा घोडा भेटावा तसा. टॉवेलाच्या मागात एक गंमत असते. फणी दोन धागे अलगद लावते आणि तिसऱ्याला सगळे मिळून जोराने ठोकते. त्यातून ते मऊ फासे उभे राहतात. तीन नंबरवर हे ठोकणे इतक्या भराभर चालले होते, की गल्लीतली दोन-चार माणसे दाराशी येऊन उभी राहिली. ९ वाजता तीन नंबर तब्बल दोन फूट पुढे होता. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी पंच असूनही डोळा मिचकावला.

मग तारा तुटायला लागल्या. चार नंबरवर एक तुटली की तीन नंबरवर तीन. प्रत्येक वेळी माग थांबवायचा, तार शोधायची, गाठ मारायची, फणीतून ओवायची, पुन्हा चालू. कांड्याही लवकर संपत होत्या, आणि कांडी बदलायला माग थांबवावाच लागतो. ११ वाजता दोघे बरोबरीत आले. जेवणानंतर तीन नंबर मागे पडू लागला. पुतण्या स्वतः त्याच्याशी उभा राहिला, हात थांबू देईना.

अडीचच्या सुमारास ते घडले. मी भिंतीशी स्टुलावर बसून मिनिटे लिहीत होतो. पुतण्या तार पाहायला वाकलेला होता. काहीतरी करवादले, आणि धोटा गार्ड ओलांडून बाहेर आला. टोकाला पोलाद बसवलेला लाकडी धोटा. तो त्याच्या कानाजवळून गेला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर भिंतीवर आपटला. गिलाव्याचा टवका माझ्या वहीवर पडला.

माग बंद झाला. बाकीचेही कुणीतरी बंद केले असावेत, कारण इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. वहिनी धावत आल्या. त्यांनी आधी पोराकडे पाहिले, मग भिंतीकडे, आणि मग माझ्याकडे. त्या नजरेला उत्तर देता येईल असे एकही सूत्र माझ्याजवळ नव्हते.

‘पूर्ण मार्क’ मीच दिले होते. गुणाकार बरोबर होता म्हणून. धोट्याचा वेग सोळा टक्के वाढला, की त्याच्या अंगातला जोर सोळा टक्के वाढत नाही. वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे एक-तृतीयांशाहून अधिक. हेही मी शिकवलेलेच आहे. पण त्या वहीच्या पानावर धोटा नव्हता, पोरगा नव्हता, आणि भिंतही नव्हती.

मामांनी माग तपासला, गार्ड घट्ट केला आणि म्हणाले, “पुरं करू. अर्धवट शर्यतीतून कुणी शिकत नाही. पण आता मागाला मी उभा राहतो.” ४ वाजता मोजले. चार नंबर, ११२ फूट. तीन नंबर, १०५. दिवसभरात तो १७० मिनिटे उभा होता. जो जोरात धावला तो थांबला जास्त, आणि म्हणून हरला.

रात्री जेवताना पुतण्या खाली मान घालून म्हणाला, “अजून एक वाट आहे.” ती काय, हे मला ठाऊक नव्हते, मामांना होते. मागाच्या कडेला सात चाकांची एक रांग असते. कापड गुंडाळले जाण्याचा वेग ती ठरवते. तिच्यातले एक चाक बदलण्याचे असते, आणि आमच्या मागांवर ठरीव चाक ३६ दातांचे असल्याने हिशेब सोपा: बदलत्या चाकाला जितके दात, तितकी इंचाला पिके. ४० च्या जागी ३७ दातांचे चाक घाला, की कापड भराभर पुढे सरकते. वेग वाढवायला नको, धोटा उडायला नको. फक्त प्रत्येक इंचात तीन धागे कमी. व्यापाऱ्याच्या माणसानेच म्हणे सुचवले होते, की भिंग लावून पिके मोजायला दिवाळीच्या गर्दीत वेळ कुणाला आहे?

कुणी काही बोलायच्या आत वहिनींनी भाकरीचा तुकडा त्याच्या ताटात टाकला आणि तेलुगूत म्हणाल्या, “३७ चं चाक या घरात फिरणार नाही. तुझ्या बापानं शंभर टॉवेल कमी दिले असतील, पण तीन धागे कुणाचे ठेवले नाहीत.”

प्रश्न तिथेच मिटला. शंभर टॉवेलांचा मात्र शिल्लक राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा लेथवाल्याकडून चार पुल्या कातून घेऊन आले. सव्वातीन इंची. मी आपोआप गुणले: १५६, घसर वजा जाता १५१. “हे तुम्ही कसं ठरवलंत?” मी विचारले.

“तुम्ही गुणून ठरवता, आम्ही ऐकून,” ते म्हणाले. “तीनला माग आळसावतोय, साडेतीनला रडतोय. मधे कुठंतरी तो गातोय. पण नुसती पुली घालून गात नाही, मास्तर.” आणि मग दिवसभर त्यांनी जे केले त्याला पुली हे नाव देणे अन्यायाचे होईल. झिजलेले पिकर बदलले. धोटा कोणत्या क्षणी मारायचा ते प्रत्येक मागावर पुन्हा जुळवले. धोट्यांची टोके घासून गुळगुळीत केली. बीमची खळ हातावर चोळून पाहिली आणि एक बीम परत पाठवला. दुपारच्या कोरड्या हवेत सूत ठिसूळ होते म्हणून जमिनीवर पाणी मारायला लावले. गार्ड चारही मागांना नवे. संध्याकाळी मी पुन्हा घड्याळ घेऊन बसलो, आणि पुढच्या दिवशी पुरी पाळी मोजली. माग १०२ मिनिटे थांबला, ३७८ चालला. कापड ११९ फूट.

बारा दिवसांचे गणित पुतण्याने माझ्याआधी केले. २,२८४. मागणीपेक्षा ३४ जास्त. “सांभाळून,” मी म्हणालो, “वही नेहमी थोडी जास्तच बोलते.”

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघे सिद्धेश्वराच्या तळ्याकडे गेलो. पाण्याच्या मधोमध देऊळ, पलीकडे भुईकोट किल्ल्याचे बुरूज. संक्रांतीला इथली गड्ड्याची यात्रा भरते. तिच्यात उंचच उंच नंदीध्वज घेऊन माणसे मिरवणुकीत चालतात. एवढे ओझे तोलून धरायचे आणि चालायचेही, पळायचे नाही आणि थांबायचेही नाही. अन्ना आम्हाला लहानपणी खांद्यावर घेऊन ती मिरवणूक दाखवायचे.

“काका,” पुतण्या बऱ्याच वेळाने म्हणाला, “तुम्ही मला अडवायला आला होतात ना?”

“हो.”

“मग अडवलं का नाही?”

मी खरे ते सांगितले. “तुझं गणित फार सुंदर होतं रे. मला त्याच्यात चूक दिसली नाही.”

तो हसला. “चूक नव्हतीच. अपुरं होतं.”

हे वाक्य मी तीस वर्षांत एकाही वहीवर लिहिले नव्हते. बरोबर आणि चूक, माझ्याजवळ दोनच शेरे होते.

पुण्याला परतल्यावर वसुबारसेला फोन आला. २,२६८ टॉवेल झाले. मागणी पुरी, हप्ता भरला, वर १८ शिल्लक. फोन वहिनींनी घेतला आणि या खेपेस त्या तेलुगूत बोलल्या, तेव्हा मी निर्धास्त झालो. दोन दिवसांनी पार्सल आले. त्यात दोन टॉवेल, शेंगाच्या चटणीची पिशवी आणि कागदात गुंडाळलेली एक जड वस्तू. साडेतीन इंचांची पुली. सोबत चिठ्ठी होती: ‘काका, टेबलावर कागद दाबायला.’

ती आता माझ्या टेबलावर आहे. हा लेख लिहिताना पाने तिच्याखालीच ठेवली होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंग झाल्यावर मी त्यातला एक टॉवेल काढला, आणि सवय जाईना म्हणून जुने भिंग लावून इंचातली पिके मोजली. चाळीस भरली.

हुरड्याची पैज मात्र कुणी विसरलेले नाही. जानेवारीत सोलापूरला जायचे आहे, आणि या वेळी हौसेने.